रोझलिन कार्टर यांनी मनोरुग्णांसाठी नेमकं काय केलं? निवडून न आलेल्या बाईच्या कामाने खरंच काही बदलतं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन यांनी मानसिक आरोग्यासाठी मोठं काम केलं असं वाचायला मिळतं, पण हातात पद नाही, मागे मतं नाहीत, मग हे काम फोटोपुरतंच असणार ना?

नाही. मी परभणी जिल्ह्यात आशा गटप्रवर्तक आहे आणि माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. या बाईंबद्दल जे हाती लागलं ते मी त्यामुळेच वाचत गेले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्या व्हाइट हाऊसमधल्या दिवसांपेक्षा त्याआधीच्या एका पहाटेत सापडतं, म्हणून तिथूनच सांगते.

जिमी कार्टर तेव्हा जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते. रोझलिन नवऱ्याच्या प्रचाराला पहाटे साडेचारच्या सुमारास एका कापड गिरणीच्या फाटकाबाहेर थांबल्या होत्या. रात्रपाळी सुटली आणि एक बाई बाहेर आली, केसांना, कपड्यांना कापसाचे तंतू चिकटलेले. रोझलिन तिला म्हणाल्या, आता घरी जाऊन जरा झोप मिळेल ना? ती म्हणाली, घरी आजारी लेकरू आहे, मनाचा आजार आहे. नवऱ्याच्या कमाईत खर्च भागत नाही. रात्री तो लेकराजवळ असतो म्हणून मी रात्रपाळी करते.

रोझलिनना दिवसभर ती बाई डोळ्यांसमोरून हलेना. त्याच दिवशी त्याच गावात जिमींची सभा होती. लोक त्यांच्याशी हात मिळवायला रांगेत होते, त्या रांगेत रोझलिनही जाऊन उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा नवऱ्याला विचारलं, गव्हर्नर झाल्यावर मनोरुग्णांसाठी तुम्ही काय करणार आहात? ते म्हणाले, देशातली सगळ्यात चांगली व्यवस्था उभी करू आणि ती तुझ्याकडे देईन.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोबाईल खाली ठेवला. त्या बाईच्या अंगावरचे तंतू मी पाहिलेले आहेत. आमचा भाग कापसाचा. माय दिवसभर दुसऱ्याच्या रानात वेचणीला जायची, मजुरी किलोवर. संध्याकाळी घरी आली की तिच्या अंबाड्यात आणि पदराला रुई लागलेली असायची. बापाने साल घातलेलं होतं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात कामाला, आणि शेताला लाईट रात्रीची, म्हणून पाणी द्यायला तो रानातच. घरी माय, मी आणि दादा. दादा विसाव्या वर्षी बदलत गेला. आधी बोलणं कमी झालं, मग एकटाच कुणाशी तरी बोलायला लागला, मग रात्री उठून निघून जायला लागला. एकदा तो पहाटे थेट ओढ्याच्या पुलावर सापडला. त्यानंतर मायने पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालायची घुंगरमाळ दाराच्या कडीला बांधली. कडी हलली की माळ वाजायची आणि माय उठून बसायची. वाऱ्यानेही वाजायची. तरी उठायची. सकाळी परत वेचणीला. तिला कुणी कधी विचारलं नाही, की बाई, तू झोपतेस का?

विचारणार तरी कोण? गावाला सांगितलेलंच नव्हतं. भावकीत कुणी म्हणायचं बाहेरचं आहे, कुणी म्हणायचं लग्न करून टाका, आपोआप ठिकाणावर येईल. 1999 मध्ये मला सोयरीक आली तेव्हा दादाला दोन दिवस मामाच्या गावी धाडलं आणि पाहुण्यांना सांगितलं, पोरगा कामाला पुण्याला असतो. मी चहाचा ट्रे घेऊन बसले होते आणि सगळं ऐकत होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं, त्यामुळे इथं लिहून टाकते.

रोझलिनना त्या गिरणीवालीचं दुखणं इतकं पटकन का कळलं, याचं उत्तर त्यांच्या लहानपणात आहे असं मला वाटतं. जन्म 18 ऑगस्ट 1927 चा, जॉर्जियातल्या प्लेन्स नावाच्या छोट्या गावातला. 1940 मध्ये वडील रक्ताच्या कर्करोगाने गेले तेव्हा त्या 13 वर्षांच्या होत्या, चार भावंडांत थोरल्या. आई लोकांचे कपडे शिवायची, पुढे टपाल कचेरीत लागली. थोरली पोर आईच्या हाताखाली शिवणाला बसली, धाकट्यांचं करू लागली. 1946 मध्ये जिमींशी लग्न झालं. ते नौदलात होते. 1953 मध्ये सासरे वारले आणि दोघं गावी परतले. भुईमुगाच्या धंद्याचा हिशेब रोझलिन ठेवायच्या. घरातलं आजारपण आणि घरातला पैसा, दोन्ही त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं.

जिमी 1971 मध्ये गव्हर्नर झाले आणि त्यांनी शब्द पाळला. राज्यातल्या मनोरुग्णांच्या सेवा सुधारण्यासाठी आयोग नेमला, त्यात रोझलिन होत्या. अहवालापुरत्या त्या थांबल्या नाहीत, अटलांटाच्या सरकारी मनोरुग्णालयात आठवड्यातून एक दिवस स्वयंसेवक म्हणून जात राहिल्या. जॉर्जियात मिलेजव्हिल इथं एक अवाढव्य इस्पितळ होतं, एके काळी तिथं 12 हजारांच्या आसपास माणसं कोंबलेली होती. माणूस एकदा आत गेला की गेला. आयोगाचं म्हणणं होतं की उपचार माणसाच्या गावाजवळ, त्याच्या घराजवळ यायला हवेत. महाराष्ट्रात जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. यातलं एकही मराठवाड्यात नाही. आमच्याकडच्या माणसाला घराजवळ म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

1977 मध्ये कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले आणि महिन्याभरात त्यांनी मानसिक आरोग्याचा आयोग नेमला. रोझलिनना अध्यक्ष करता आलं नाही, नातेवाइकांना पदावर नेमायला कायद्याने बंदी होती. म्हणून त्या मानद अध्यक्ष झाल्या. तुमची शंका इथेच येते ना, की मानद म्हणजे नावापुरतं? पण काम बघा. देशात ठिकठिकाणी सुनावण्या झाल्या, रुग्णांचं आणि घरच्यांचं ऐकून घेतलं गेलं, 1978 मध्ये अहवाल आला. फेब्रुवारी 1979 मध्ये रोझलिन सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, समितीपुढे साक्ष द्यायला गेल्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने संसदेपुढे अशी साक्ष देणं त्याआधी फक्त एलिनोर रूझवेल्ट यांनी केलं होतं. त्या मंत्रिमंडळाच्या बैठकांनाही बसायच्या, नोंदी घ्यायच्या. त्यावरून टीका झाली, हिला कुणी निवडून दिलंय? ही टीका मला अगदीच खोटी वाटत नाही. निवडून न आलेल्या माणसाने सरकारच्या किती जवळ बसावं हा प्रश्न रास्तच आहे. पण त्या जे मागत होत्या ते उघड, समितीपुढे, नोंदीवर मागत होत्या.

ऑक्टोबर 1980 मध्ये त्या अहवालावर आधारलेला कायदा झाला. स्थानिक पातळीवरच्या मानसिक आरोग्य केंद्रांना केंद्राकडून पैसा मिळणार होता. पुढच्याच महिन्यात कार्टर निवडणूक हरले आणि 1981 मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष रीगन यांच्या सरकारच्या काळात त्या कायद्याचा बहुतेक भाग रद्द झाला. साडेतीन-चार वर्षांचं काम असं वर्षाच्या आत गेलं. तुम्ही नुसता कायदा मोजाल तर हिशेब इथेच संपतो, आणि मग तुमचं म्हणणं खरं ठरतं.

पण त्या घरी बसल्या नाहीत. 1982 मध्ये नवरा-बायकोने कार्टर सेंटर उभं केलं. 1985 पासून रोझलिन दरवर्षी मानसिक आरोग्याच्या धोरणावर परिषद भरवू लागल्या, आणि 1996 पासून पत्रकारांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली, या आजारांबद्दल नीट, समजून लिहावं म्हणून. मला हे काम फार मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या बातम्यांचे मथळे आठवा, ‘वेडसर तरुणाचा धुमाकूळ’. तो तरुण कोणाचा तरी दादा असतो, आणि त्याची गोळी कधी बंद पडली, का बंद पडली, हे त्या बातमीत नसतं. शारीरिक आजाराला जसा विमा मिळतो तसाच मानसिक आजाराला मिळाला पाहिजे, यासाठी तर त्या ऐंशीच्या उंबरठ्यावर 2007 मध्ये पुन्हा संसदेपुढे गेल्या. अमेरिकेत तो कायदा 2008 मध्ये झाला. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही तशीच तरतूद आहे, विमा कंपनीने शरीराचा आजार आणि मनाचा आजार यात फरक करायचा नाही. किती घरांना हे माहीत आहे, ते तुम्हीच शेजारी विचारून बघा.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. 1987 मध्ये त्यांनी आपल्या गावाजवळच्या अमेरिकस इथल्या कॉलेजात एक संस्था सुरू केली, ती रुग्णांसाठी नव्हती. ती रुग्णाचं करणाऱ्यांसाठी होती. जगात चारच प्रकारची माणसं असतात असं त्या सांगायच्या: ज्यांनी आधी कुणाचं केलं आहे, जे आता करत आहेत, जे पुढे करणार आहेत आणि ज्यांचं कुणाला तरी करावं लागणार आहे.

मराठीत या माणसाला धड नाव नाही. ‘काळजीवाहू’ म्हटलं की आपल्याला सरकार आठवतं. पण आपल्या बोलण्यात तो कायम असतो. म्हातारीचं कोण करतं? त्याचं करायला कुणी आहे का? आमच्या घरी दादाचं सगळं माय करायची. गिरणीवाली बाई तेच करत होती. रोझलिननी अख्खी व्यवस्था लेकराकडून नाही, तर त्या थकलेल्या आईकडून बघायला सुरुवात केली, आणि कायदा रद्द झाला तरी ती नजर रद्द झाली नाही. तीच नजर पुढे माझ्यापर्यंत आली, म्हणून मी ‘बदलतं’ म्हणते.

आमच्या दादाला अखेर औरंगाबादला घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. पहाटेची एसटी, मधल्या सीटवर दादा, एका बाजूला माय, एका बाजूला मामा, मायच्या हातात भाकरीचं गाठोडं. औषध सुरू झालं. दोन-तीन महिन्यांनी तो रात्री झोपायला लागला. मधे एकदा गावच्या कुणीतरी सांगितलं झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल, म्हणून बंद केल्या आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून खंड नाही. आता औषध जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळतं. दादा दोन शेळ्या सांभाळतो, किराणा आणतो, सुटे पैसे मोजून परत देतो. माझ्या नवऱ्याला मी लग्नानंतर आठ महिन्यांनी खरं सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, पुढच्या वेळी दवाखान्यात मी नेतो.

कार्टर घराण्याचा महाराष्ट्राशी संबंधही आहे, तो थोडक्यात सांगते. जिमींच्या आई लिलियन नर्स होत्या. वयाच्या 68व्या वर्षी त्या पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून भारतात आल्या आणि विक्रोळीच्या दवाखान्यात काम केलं. आणि 2006 मध्ये जिमी व रोझलिन लोणावळ्याजवळ स्वयंसेवकांबरोबर गरिबांची घरं बांधायला आले होते. दोघंही तेव्हा ऐंशीच्या आसपास.

मे 2023 मध्ये कार्टर कुटुंबाने जाहीर केलं की रोझलिन यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. लपवलं नाही. लपवता आलं असतं, वय 95 होतं, कोण विचारणार होतं? त्या आपल्या घरीच राहिल्या, प्लेन्समध्ये, आणि 19 नोव्हेंबर 2023 रोजी तिथेच गेल्या. 77 वर्षांचा संसार झाला. शेवटी त्यांचंही कुणाला तरी करावं लागलं, त्यांनीच सांगितलेल्या चौथ्या प्रकारासारखं.

मी घरभेटीला जाते तेव्हा रुग्णाचा बीपी, गोळ्या, झोप हे सगळं आधी विचारते, ते रजिस्टरमध्ये लिहायचंच असतं. मग रजिस्टर बंद करून चुलीजवळच्या बाईकडे वळते आणि विचारते, मावशी, रात्री तुमची झोप होते का? पहिल्यांदा ती हसते. मला काय झालंय, मी हाय की धडधाकट, म्हणते. मी उठत नाही. थोड्या वेळाने पदर तोंडाला जातो. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर मी तिला कागदावर लिहून देते आणि सांगते की हा आजाऱ्यासाठी आहे तसा तुमच्यासाठीही आहे, मराठीत बोला. या बोलण्यासाठी रजिस्टरला रकाना नाही. म्हणून ती नोंद मी माझ्या डायरीत ठेवते, मागच्या पानापासून उलटी लिहीत आणलीय. यंदा दिवाळीपर्यंत ती पुढच्या नोंदींना येऊन भिडली, आता नवीन वही घ्यावी लागेल.