आईचं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन आहे. इस्पितळात जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून डॉक्टरांना काय विचारावं?

ऑपरेशननंतर रोज राउंडच्या वेळी विचारा, “डॉक्टर, लघवीची नळी आणि सलाईनची सुई आज काढता येईल का?” नळी जितके दिवस जास्त, तितका संसर्गाचा धोका जास्त. गरज संपल्यावरही ती कधी कधी कोणी विचारलं नाही म्हणून राहून जाते.

ऑपरेशनआधीच्या भेटीत हे बोलून घ्या:

- केस काढावेच लागणार असतील तर क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) काढाल ना? वस्तऱ्याने त्वचेवर बारीक जखमा होतात आणि तिथेच जंतू वाढतात. घरी रेझर फिरवून तर मुळीच नेऊ नका.
- अँटिबायोटिक कधी देणार? चीर देण्याआधीच्या १२० मिनिटांत ते द्यावं आणि ऑपरेशननंतर केवळ प्रतिबंध म्हणून लांबवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. कोणत्याही औषधाची ॲलर्जी असेल तर ती याच वेळी सांगा.
- मधुमेह असेल तर साखर किती हवी? दात किडलेला, पायाला जखम, लघवीला जळजळ, काहीही लपवू नका.

हात स्वच्छ केलेत का, हे डॉक्टर-सिस्टरांना नम्रपणे विचारायला संकोच करू नका; भेटायला येणाऱ्या नातेवाइकांनाही तोच नियम लावा.

मात्र लघवी अडत असेल किंवा प्रकृती नाजूक असेल तर नळी जास्त दिवस ठेवावी लागते, तो निर्णय डॉक्टरांचाच.