युद्धभरपाईचा आकडा कसा ठरतो?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आणि आशियाई देशांत भरपाईचे करार झाले. त्याबद्दल वाचकांनी विचारलेले हे काही प्रश्न.

फिलिपिन्सने ८ अब्ज डॉलर मागितले आणि ५५ कोटींवर सही केली. इतकी घसरण कशी?

मागणी नुकसानीवरून ठरते, करार मात्र देणाऱ्याची ऐपत पाहून होतो. १९४५च्या मनिलाच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले. तरी जपानशी झालेल्या १९५१च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता तहातल्या १४व्या कलमाने जपानची जबाबदारी मान्य करतानाच, पूर्ण भरपाईइतकी साधने त्याच्याकडे नाहीत, असेही लिहून टाकले. शीतयुद्धामुळे अमेरिकेला जपान लवकर सावरायला हवा होता. फिलिपिन्सच्या हाती एकच हुकमी पत्ता उरला, तो म्हणजे तहाची मंजुरी. ती त्यांच्या सिनेटने अडवून धरली. १९५४चा ४० कोटींचा मसुदा सिनेटरांच्या विरोधामुळे बारगळला. ९ मे १९५६ रोजी वीस वर्षांत ५५ कोटी देण्याचे ठरले आणि जुलैत तहाला मंजुरी मिळाली.

मला ब्रह्मदेशाची हुशारी अधिक भावते. १९५४मध्ये २० कोटी स्वीकारताना त्यांनी फेरविचाराचे कलम घालून घेतले होते. पुढे इतर देशांना काय मिळाले ते पाहून त्यांनी पुन्हा बोलणी केली आणि १९६३मध्ये आणखी १४ कोटी मिळवले.

ही रक्कम रोख मिळाली का?

नाही. यंत्रे, जहाजे आणि तज्ज्ञांची सेवा या रूपात मिळाली. मनिलाच्या उपसागरात बुडालेली जहाजे काढून देणे हाही भरपाईचाच भाग होता. ब्रह्मदेशात बलुचाँगचा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. कामे जपानी कंपन्यांना मिळाल्याने त्यांना आग्नेय आशियाची बाजारपेठही खुली झाली.

भारताने काहीच का मागितले नाही?

जपानला बरोबरीच्या मानाने वागवावे, अशी नेहरू सरकारची भूमिका होती. म्हणून भारत सॅन फ्रान्सिस्कोला गेला नाही. ९ जून १९५२ रोजी स्वतंत्र तह करून त्याने भरपाईचे सगळे दावे सोडले. दोन देशांच्या मैत्रीसाठी ते योग्यच होते. पण १९४२ ते १९४५ या काळात जपानी ताब्यात छळ सोसलेल्या अंदमानातल्या लोकांचा दावाही त्याच सहीने सुटला. हे मला आजही खुपते.

दक्षिण कोरियाने १९६५मध्ये पैसे घेतले, मग पुन्हा मागणी कशासाठी?

कोरिया युद्धातला शत्रू नव्हता, जपानची वसाहत होता. त्यामुळे २२ जून १९६५च्या करारात ‘भरपाई’ असे न म्हणता ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी कर्ज दिले गेले. दावे ‘पूर्णपणे आणि कायमचे’ मिटले, असेही त्यात लिहिले आहे. सरकारने बराच पैसा उद्योगांत घातला. पोहांगचा पोलाद कारखाना त्यातूनच उभा राहिला. देशाला त्याचा फायदा झाला, पण सक्तीने राबवलेल्या मजुरांच्या वाट्याला फार थोडे आले.

३० ऑक्टोबर २०१८ रोजी कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निप्पॉन स्टील या जपानी पोलाद कंपनीला अशा मजुरांपैकी प्रत्येक फिर्यादीस १० कोटी वॉन देण्याचा आदेश दिला. बेकायदा वसाहतीच्या काळात सोसलेल्या यातनांची भरपाई १९६५च्या करारात येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. जपानला हे मान्य नाही. करारातली भाषा जपानच्या बाजूने दिसते, हे खरे. तरीही ज्यांचे श्रम लुबाडले गेले, त्यांना बोलण्यांत जागाच नव्हती. म्हणून मला न्यायालयाचे म्हणणे पटते. २०२३मध्ये कोरियन सरकारने आपल्याच प्रतिष्ठानातर्फे ही रक्कम देऊ केली, तेव्हा हयात असलेल्या काही पीडितांनी सुरुवातीला ती नाकारली. त्यांना पैसे जपानी कंपनीकडूनच हवे होते, तेही माफीसह.