कॅनिस्टर हलवताय? आधी नळ्या ओळखा

जुन्या पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवलं. रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) जागा हवी म्हणून फिटरने बॉनेटखालचा काळा डबा सोडवून वायरने बांधून ठेवलाय. नळ्या सुट्या आहेत. आता तो कुठे बसवू? – वाचक, कुर्ला

तो कॅनिस्टर. आत अ‍ॅक्टिव्हेटेड कोळसा असतो. टाकीतल्या पेट्रोलची वाफ तो धरून ठेवतो आणि इंजिन गरम झाल्यावर मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) ओढीने ती जळायला पाठवतो. गाडी सीएनजीवर धावली तरी टाकीत पेट्रोल असतंच, त्यामुळे डबा हवाच.

त्याला सहसा तीन तोंडं असतात. एक टाकीकडून येणाऱ्या वाफेचं, दुसरं पर्ज व्हॉल्व्हमार्गे (वाफ सोडणाऱ्या, विजेवर उघडणाऱ्या झडपेतून) मॅनिफोल्डला जाणारं, तिसरं बाहेरच्या हवेचं. तोंडावर खूण नसेल तर अंदाजाने जोडू नका, नळी हाताने शेवटपर्यंत चाचपत जा. पर्ज व्हॉल्व्ह वगळून नळी थेट मॅनिफोल्डला जोडली, तर ओढ सतत लागून राहते आणि आयडलिंग वरखाली होतं. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

जागा निवडताना सायलेन्सरच्या पाइपापासून लांब राहा. डबा मुळात उभा होता तर उभाच ठेवा, आणि वायरने नको, पक्क्या ब्रॅकेटवर बसवा. हवेचं तोंड खाली वळवून उंचावर घ्या. हिंदमाता किंवा मिलन सबवेला साचणारं पाणी आठवा. कोळसा भिजला की वाफ धरत नाही. नळी वाढवावी लागली तर पेट्रोलचीच घ्या, कूलंटची किंवा साध्या रबराची फुगते आणि चिरते. टाकीकडच्या नळीला मध्येच झोळ पडू देऊ नका, तिथे वाफेचं पेट्रोल होऊन साचतं आणि वाट बंद होते. काम थंड इंजिनावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, मोकळ्या हवेत करा. सोसायटीच्या बंद बेसमेंटमध्ये अजिबात नको.

डबा हलवल्यापासून टाकीचं झाकण उघडताना जोरात हवा आत ओढली जाते. – वाचक, मुलुंड

थोडा आवाज चालतो, जोरदार ओढ नाही. हवेचं तोंड बंद झालंय, बहुधा कोणी ‘धूळ जाऊ नये’ म्हणून बूच मारलं असेल. ते लगेच काढा, नाहीतर पेट्रोल संपत जाईल तशी टाकीतली ओढ वाढत जाते आणि पंपाला पेट्रोल खेचणं जड होतं. बूच नसेल तर नळी दुमडली आहे का ते बघा. पर्ज व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिला तरी ओढ वाढते. तो काढून फुंकून बघा: वीज नसताना त्यातून हवा जाता कामा नये. कॅनिस्टरला मात्र तोंड लावू नका, पेट्रोलच्या वाफेत कर्करोगकारक बेंझिन असतं.

टाकी फुल केली की गाडी सुरू व्हायला त्रास देते. – वाचक, अंधेरी

नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘राउंड फिगर’साठी अजून भरून घेता का? मग पेट्रोल थेट कोळशात जातं आणि तिथून मॅनिफोल्डमध्ये. पहिल्या कटला थांबा. दोन-तीन वेळा भरूनही तसंच राहिलं तर कॅनिस्टर बदला.

पीयूसी पास होतं. मग डबा काढूनच टाकला तर? – वाचक, गिरगाव

पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घालतात, टाकीच्या वाफेला ती शिवतही नाही. पास झालात म्हणजे वाफ सुटत नाही असं नव्हे. ती तुमच्या चाळीखाली, मुलं खेळतात तिथेच उडत राहील. काढू नका.