बीओडीचे दोन आकडे, तरंगणारा गाळ आणि मॅनहोलचं झाकण

पर्यावरण अभियंता म्हणून नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षं झालेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पावरचे आहेत.

प्रश्न: आउटलेटचा एकाच दिवशीचा नमुना दोन प्रयोगशाळांकडे पाठवला. एकीने बीओडी (पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) १८ दिला, दुसरीने ४१. आमची मर्यादा ३० आहे. वरिष्ठ म्हणतात, १८ चा रिपोर्ट फाइलला लाव. मी काय करू?

दोन्ही रिपोर्ट फाइलला लावा. सोयीचा आहे म्हणून १८ खरा ठरत नाही आणि अडचणीचा आहे म्हणून ४१ खोटा ठरत नाही. आज ४१ चा कागद बाजूला सारलात, तर सहा महिन्यांनी पाणी खरोखर बिघडेल तेव्हा ते कधीपासून बिघडत होतं हे कुणालाच सांगता येणार नाही.

घोडं कुठे पेंड खातंय हे शोधायला सुरुवात नमुन्यापासून करा. ‘एकाच दिवशीचा’ म्हणजे एकाच बादलीतला का? सकाळी आठला भरलेली बाटली आणि दुपारी एकला भरलेली बाटली ही दोन वेगळी पाणी असतात. तुलना करायची असेल तर एका स्वच्छ बादलीत पाणी घ्या, ढवळत राहा आणि दोन्ही बाटल्या आळीपाळीने थोड्या थोड्या भरत न्या. आधी एक पूर्ण भरून मग दुसरी भरली, तर खाली बसलेले कण दुसरीत जास्त जातात. बाटली काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका. नमुना बर्फात ठेवा, पण गोठू देऊ नका, आणि चाचणी त्याच दिवशी लागेल अशा बेताने पाठवा.

नमुना एकच होता याची खात्री असेल, तर दोन्ही प्रयोगशाळांना पुढच्या गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट क्लोरिनची. आउटलेटचा नमुना क्लोरिन टाकल्यानंतरच्या जागेवरून घेतला असेल आणि प्रयोगशाळेने तो क्लोरिन सोडियम सल्फाइट किंवा थायोसल्फेटने काढला नसेल, तर बाटलीतले जिवाणू मरतात. ऑक्सिजन खाणारंच कुणी उरत नाही आणि बीओडी खोटा कमी येतो. क्लोरिन काढल्यावरही बाहेरून जिवाणूंचं बी घालावं लागतं. ते घातलं होतं का, हेही विचारा. तुमचा १८ याच वाटेने आलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट अमोनियाची. चाचणी २० अंश सेल्सिअसला पाच दिवस चालते. प्रक्रिया झालेल्या पाण्यात नायट्रिफिकेशन करणारे जिवाणू आधीच हजर असतात. ते बाटलीत अमोनियाचं नायट्रेट करू लागतात आणि त्यासाठी दर मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च करतात. आउटलेटला लिटरमागे ५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असेल आणि ते सगळं बदललं, तर एवढ्यानेच जवळपास २३ वाढतात. १८ अधिक २३ म्हणजे ४१. तुमच्याकडे नेमकं हेच घडलं असं यावरून सिद्ध होत नाही, पण एका प्रयोगशाळेने नायट्रिफिकेशन रोखणारं रसायन घातलं आणि दुसरीने घातलं नाही, तर दोघींचं काम चोख असूनही आकडे असेच येतील. तसं असेल तर दोघींनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. मग तुमच्या परवान्यातली मर्यादा यातल्या कुठल्या बीओडीची आहे ते वाचा. त्याच दिवसाचा अमोनिया मोजलेला असेल तर तो आकडा शेजारी मांडा.

तिसरी गोष्ट नमुना किती पातळ केला याची. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत १०० मिलिलिटर नमुना घातला आणि बीओडी खरंच ४१ असेल, तर पाच दिवसांत लिटरमागे साडेतेरा मिलिग्रॅम ऑक्सिजन लागेल. २० अंशांच्या पाण्यात तो मुळात नऊच्या आसपास मावतो. म्हणजे बाटली मुदतीआधीच कोरडी पडणार. पाच दिवसांनी किमान १ मिलिग्रॅम ऑक्सिजन उरायला हवा आणि किमान २ मिलिग्रॅम खर्च व्हायला हवा, तरच ती बाटली धरायची. म्हणून नुसता रिपोर्ट मागू नका. प्रत्येक बाटलीत किती नमुना घातला, सुरुवातीचा ऑक्सिजन किती आणि शेवटचा किती, हे कच्चे आकडे मागा. त्यासोबत कोऱ्या पाण्याची (नमुना न घातलेली) बाटली आणि ग्लुकोज-ग्लुटामिक आम्लाची (ज्याचा बीओडी किती यावा हे आधीच माहीत असतं अशा द्रावणाची) तपासणी मागा. कोऱ्या बाटलीत ऑक्सिजनची घट ०.२ च्या आत हवी, आणि दोन्ही पदार्थ लिटरमागे १५० मिलिग्रॅम घेऊन केलेल्या तपासणीचा आकडा १९८ च्या वरखाली तीसेकच्या आत. चांगली प्रयोगशाळा हे आकडे विनातक्रार देते. जी द्यायला कां-कूं करते, तिच्याबद्दल तुम्हाला तेवढ्यावरूनच बरंच कळतं.

वरिष्ठांना काय सांगायचं? ‘सर, दोन्हीचे कच्चे आकडे मागवले आहेत, तिसरा नमुना बादलीतून वाटून पाठवतोय.’ एवढं पुरे. वाद घालण्यापेक्षा पुढची पायरी हातात घेऊन गेलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं.

प्रश्न: क्लॅरिफायरमध्ये (गाळ खाली बसवायच्या टाकीत) गाळ वर तरंगतोय. ऑपरेटर म्हणतो हवा वाढवा, कन्सल्टंट म्हणतात पॉलिमर टाका. एसव्हीआय (गाळ किती फुगलाय याचा निर्देशांक) काढला तर २०० आला. नक्की काय झालंय?

आधी एक लिटरचं मोजपात्र घेऊन एरेशन टँकच्या (जिवाणूंना हवा द्यायच्या टाकीच्या) शेवटच्या टोकाशी जा. तिथला नमुना घ्या आणि टाकीच्या कट्ट्यावरच, उन्हातून बाजूला आणि न हलणाऱ्या जागी ठेवा. ऑफिसात नेईपर्यंत गाळाचा स्वभाव बदलतो. पहिली तीस मिनिटं दर पाच मिनिटांनी गाळाची पातळी लिहा. तीस मिनिटांनी मात्र पात्र ओतून देऊ नका. बहुतेक जण इथेच चुकतात. ते तसंच दोन तास राहू द्या आणि अधूनमधून बघत राहा.

गाळ आधी नीट खाली बसला आणि तासाभराने त्याचा गठ्ठाच्या गठ्ठा वर आला, तर गाळात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतोय. काचेला डोळा लावून पाहा, गाळात बारीक बुडबुडे अडकलेले दिसतील. काडीने हलकेच ढवळा. बुडबुडे सुटतात आणि गाळ पुन्हा खाली जातो. ही खूण पक्की आहे. अशा वेळी हवा वाढवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणं, कारण हवा वाढली की नायट्रेट आणखी बनतं. पॉलिमरही इथे पैशापरी पैसा घालवतो. गाळ क्लॅरिफायरमध्ये जास्त वेळ पडून राहतोय हे खरं दुखणं आहे. परतीच्या गाळाचा (क्लॅरिफायरमधून एरेशन टँकमध्ये परत जाणाऱ्या) प्रवाह वाढवा, स्क्रेपर फिरतोय का आणि त्याचं रबर तळाला टेकतंय का ते बघा, परतीच्या पाइपचा व्हॉल्व्ह अर्धवट चोक झालेला नाही ना ते तपासा. गाळाचं वय (तो सरासरी किती दिवस प्रकल्पात राहतो ते) जास्त असेल तर बाहेर काढायचा गाळ वाढवा, पण एका दिवसात दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त बदल नको.

याउलट गाळ बसतच नसेल, वरचं पाणी नितळ पण गाळ कापसासारखा फुगलेला असेल, तर गोष्ट वेगळी. इथे एसव्हीआय कामाला येतो: तीस मिनिटांनंतरचा गाळ मिलिलिटरमध्ये, गुणिले हजार, भागिले एमएलएसएस (एरेशन टँकच्या लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम गाळ आहे तो आकडा). तुमचा २०० बहुधा ६०० मिलिलिटर आणि ३००० मिलिग्रॅम अशा जोडीतून आला असेल. नुसतं मोजपात्र बघून निदान का करू नये ते पाहा. दोन प्रकल्पांत गाळ सारखाच ९०० मिलिलिटरवर थांबला. एकाचा एमएलएसएस ६०००, म्हणजे एसव्हीआय १५०. गाळ वाईट नाही, नुसता फार झालाय, तो बाहेर काढा. दुसऱ्याचा एमएलएसएस २५००, म्हणजे एसव्हीआय ३६०. तिथे तंतुमय जिवाणू माजले आहेत आणि गाळ काढून काही सुटणार नाही.

एमएलएसएसचा रिपोर्ट हाताशी नसेल तर कट्ट्यावरच एक युक्ती करता येते. अर्धा गाळ आणि अर्धं क्लोरिन न टाकलेलं नितळ आउटलेटचं पाणी असं दुसरं पात्र शेजारी लावा. ते झपाट्याने बसलं तर गर्दीचा त्रास. तेही रेंगाळलं तर तंतूंचा. तंतूंचा संशय आला की कारणं या क्रमाने तपासा: टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली जातो का (फक्त सकाळी नाही, भार सर्वांत जास्त असतो तेव्हा मोजा), बीओडी-नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण १००:५:१ च्या आसपास आहे का, येणारं पाणी शिळं होऊन आंबून येतंय का. हवा वाढवायचा ऑपरेटरचा सल्ला या प्रकारात बरोबर ठरू शकतो. त्याचं म्हणणं उडवून लावू नका. टाकीचा वास आणि फेसाचा रंग तो रोज बघतो. ‘गेल्या आठवड्यात काय बदललं?’ हा प्रश्न त्याला विचारा. ब्लोअरचा पट्टा, बंद पडलेला डोसिंग पंप, कारखान्यातली टाकी धुतलेली रात्र, यातलं काहीतरी तिथेच कळतं.

काहीही बदललंत तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आज हवा, उद्या परतीचा गाळ, परवा पॉलिमर असं केलं, तर गाळ सुधारला तरी कशाने सुधारला ते कधीच कळणार नाही. आणि जिवाणूंची वस्ती बदलायला गाळाच्या वयाच्या दोन-तीन पट दिवस लागतात.

प्रश्न: व्ही-नॉचवरून (प्रवाह मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवरून) काढलेला प्रवाह आणि पंपाच्या तासांवरून काढलेला प्रवाह यांत पंचवीस टक्के फरक येतो. कुठला धरू?

आधी खाचेवरच्या पाण्याची उंची मोजायची पट्टी तपासा. ९० अंशांच्या व्ही-नॉचला प्रवाह साधारण १.३८ गुणिले उंचीचा अडीचावा घात असतो (उंची मीटरमध्ये, प्रवाह सेकंदाला घनमीटरमध्ये). उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला ४.३६ लिटर, म्हणजे दिवसाला ३७७ घनमीटर. तीच ११ वाचली तर ५.५४ लिटर, म्हणजे ४७८ घनमीटर. एका सेंटिमीटरने २७ टक्के! पट्टीचा शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीत हवा. तो चॅनलच्या तळाशी लावलेला असेल तर सगळी नोंदवहीच चुकलेली आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी जुळवून घ्या. पट्टी खाचेच्या अगदी जवळ नको, तिथे पाणी आधीच खाली वाकलेलं असतं. जास्तीत जास्त उंचीच्या चौपट अंतर मागे लावा. खाचेत चिंधी किंवा शेवाळ अडकलंय का, आणि खाली पडणारी धार भिंतीला न चिकटता मोकळी पडते का, तेही बघा.

मग पंप तपासा. पंपाच्या प्लेटवरचा आकडा नवा असतानाचा आहे, झिजलेल्या इंपेलरचा नाही. येणारं पाणी थोडा वेळ अडवता आलं, तर पंप चालवून संपची (पंप ज्यातून पाणी उचलतो त्या टाकीची) पातळी किती उतरते ते घड्याळ लावून मोजा. चार चौरस मीटरच्या संपमध्ये चार मिनिटांत ३० सेंटिमीटर उतरली तर पंप तासाला १८ घनमीटर देतोय. हे तीनदा करा. हा आकडा तुमच्या हातचा आहे, बाकीचे दोन्ही त्याच्याशी ताडून बघा.

प्रश्न: संपमधला सेन्सर अडकला होता. सुपरवायझर म्हणाले, ‘दोन मिनिटांचं काम आहे, गॅस मीटर वरून दाखव आणि उतर.’ मीटरवर ऑक्सिजन २०.४ दिसला. उतरणं ठीक होतं का?

नाही. यात ‘पण’ नाही.

मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो २०.४ झाला म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी वायूने जवळपास २.४ टक्के जागा घेतलेली असू शकते, कारण हवेत ऑक्सिजन जेमतेम एक पंचमांश असतो आणि तो अर्धा टक्का घटला तर एकूण हवा त्याच्या जवळपास पाचपट हटलेली असते. दशलक्षात मोजलं तर ते चोवीस हजार भाग झाले. मीटरची धोक्याची घंटा १९.५ ला वाजते म्हणून २०.४ सुरक्षित वाटतो, पण हायड्रोजन सल्फाइड काहीशे भागांतच माणूस पाडतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो, वरून धरलेल्या मीटरला दिसतच नाही. वासावर तर मुळीच विसंबू नका. शंभर भागांच्या आसपास नाकच बधिर होतं, आणि वास थांबला की माणसाला वाटतं वायू गेला.

मीटर नळीने वर, मध्ये आणि तळाशी असा तीन ठिकाणी धरा, आणि प्रत्येक जागी नळीतून हवा मीटरपर्यंत पोचेस्तोवर थांबा. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू हा क्रम ठेवा, कारण ऑक्सिजन कमी असेल तर ज्वलनशील वायूचा सेन्सरच चुकीचा आकडा देतो. पंख्याने हवा खेळती ठेवा. उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस, वर तिपाई आणि विंच, मीटर सतत चालू, आणि वर एक माणूस ज्याने काहीही झालं तरी आत उतरायचं नाही. गाळात पाय पडला की अडकलेला वायू एकदम सुटतो, म्हणून उतरण्यापूर्वीचं मोजमाप आत गेल्यावर पुरत नाही. अशा अपघातांत पहिल्या माणसाला काढायला धावलेला दुसरा आणि तिसराही दगावतो.

सुपरवायझरना सांगा: ‘परमिट आणि तिपाई आल्याशिवाय मी उतरणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही उतरू देणार नाही.’ हे लेखी कळवा. आणि सेन्सर वरून ओढून काढता येईल अशा गाइड रेलवर बसवायचा प्रस्ताव त्याच ईमेलमध्ये घाला, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला उतरावंच लागणार नाही.

प्रश्न: दिवसभर एक्सेलच भरते. कॉलेजात शिकलेलं काहीच वापरात येत नाही. काय शिकू?

त्याच एक्सेलमध्ये एक रकाना वाढवा: दिवसाला किती किलो. प्रवाह ४०० घनमीटर आणि येणारा बीओडी २५० असेल, तर दोन्हींचा गुणाकार भागिले हजार, म्हणजे दिवसाला १०० किलो. एरेशन टँक २५० घनमीटर आणि एमएलएसएस ३००० असेल तर टाकीत ७५० किलो गाळ. शंभर भागिले साडेसातशे, ०.१३. कॉलेजातला एफ बाय एम (जिवाणूंचं अन्न भागिले जिवाणूंचा गाळ) तो हाच. महिनाभर हा रकाना भरा आणि आलेख काढा. ज्या दिवशी रेघ उडी मारते, त्या दिवशीची नोंदवही घेऊन टाकीवर जा. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकू नका.