गाडी एकच आहे, मलाही रोज फुंकावं लागेल का?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत नवऱ्याला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं. पहिलीच वेळ, मशीनवर रक्तातलं अल्कोहोल ०.१२ टक्के आलं. कोर्टाने गाडीला इंटरलॉक लावायला सांगितलंय. घरात गाडी एकच, तीही ताईंच्या नावावर, आणि मुलीला सोडणं-आणणं त्याच करतात. हे यंत्र काय असतं, किती दिवस ठेवायचं आणि त्यांनाही फुंकावं लागेल का?

ताई, हो, तुम्हालाही फुंकावं लागेल. स्टिअरिंगवर कोण बसलंय याच्याशी त्या यंत्राला देणंघेणं नसतं. फुंकल्याशिवाय, आणि श्वासात दारू नाही हे त्याला कळल्याशिवाय, गाडी कुणालाच चालू करता येत नाही. माझ्या बायकोने सात महिने फुंकलं. चूक माझी आणि रोज सकाळी नळी तोंडाला लावायची तिने, हे मला आजही लागतं.

माझी केस २०२१ ची. मित्राकडे दिवाळीची पार्टी, घर जेमतेम चार मैलांवर, रूट २७ वर मागे निळे-लाल दिवे लागले. आकडा आला ०.११. न्यू जर्सीत १ डिसेंबर २०१९ पासूनच्या नियमाने पहिल्या वेळी ०.०८ ते ०.१० च्या आत असाल तर ३ महिने इंटरलॉक आणि ०.१० ते ०.१५ च्या आत असाल तर ७ महिने ते एक वर्ष. मला सात लागले. तुमच्या मिस्टरांचे किमान सात, नेमके किती ते कोर्टाच्या आदेशात बघा. ०.१५ किंवा त्याच्या वर गेलं की आधी ४ ते ६ महिने लायसन्सच जातं आणि इंटरलॉक त्यानंतर आणखी ९ ते १५ महिने. दुसऱ्यांदा सापडलं तर एक-दोन वर्षं लायसन्स नाही आणि पुढे २ ते ४ वर्षं हे यंत्र.

यंत्र बसवून लायसन्सवर तशी नोंद होईपर्यंत त्यांना गाडी चालवता येणार नाही. ‘फक्त कामावर जाण्यापुरतं’ असं वेगळं लायसन्स या राज्यात मिळत नाही, त्यामुळे जितकी टाळाटाळ कराल तितके दिवस घरी बसणं आलं. मी लाजेपोटी तीन आठवडे फुकट घालवले. आणि यंत्र लावलंच नाही तर लायसन्स आणखी एक वर्ष जातं. (कुणाची केस अजून चालू असेल तर वकिलाला निकालाआधीच इंटरलॉक लावण्याबद्दल विचारा, फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा बदलला आणि आधी लावल्याची सवलत मिळू लागली.)

यंत्र म्हणजे जुन्या मोबाइलएवढा हँडसेट, डॅशबोर्डखालून वायरने जोडलेला. आत प्लॅटिनम असतं, श्वासातलं अल्कोहोल त्यावर आलं की बारीकसा वीजप्रवाह तयार होतो. अल्कोहोल जास्त तर प्रवाह जास्त. माझ्या मॉडेलमध्ये फुंकता फुंकता ‘हूं’ असा आवाजही काढावा लागे. समोर छोटा कॅमेरा होता, प्रत्येक वेळी फोटो निघायचा. जानेवारीत यंत्र गरम व्हायलाच वेळ लागतो, म्हणून बायको मुलीला दप्तर भरायला सांगून आधी खाली जाऊन बसायची.

गाडी सुरू झाली म्हणजे संपलं असं नाही. थोड्या वेळाने, आणि मग मधूनमधून कधीही, ते पुन्हा बीप करतं. काही मिनिटं मिळतात. शांतपणे गाडी बाजूला घ्या आणि फुंका. चालत्या गाडीचं इंजिन ते बंद करत नाही, पण फुंकलं नाही तर हॉर्न वाजू शकतो आणि नोंद होतेच. एकदा मराठी शाळेतून मुलांना घेऊन येत होतो तेव्हा ते वाजलं. मागून मुलीच्या मैत्रिणीने विचारलं, “काका, हे काय आहे?” मी सांगितलं, “मी दारू पिऊन गाडी चालवली होती, म्हणून लावलंय.” गाडीत एकही मूल बोललं नाही. त्या रात्री मी तिच्या आईवडिलांना फोन केला. खरं तर मुलं गाडीत बसवण्याआधीच करायला हवा होता. तुम्ही मुलीला आधीच साध्या शब्दांत सांगून ठेवा.

रोजच्या सांभाळायच्या गोष्टी: माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब, आणि घरून कुणी पाठवलं असेल तर द्राक्षासव, अशोकारिष्ट. आसव-अरिष्टांत आंबवण्यातूनच अल्कोहोल तयार झालेलं असतं. असं काही घेतलं तर पाण्याने चूळ भरा आणि पंधरा मिनिटं थांबा, तोंडातलं उडून जातं. रक्तातलं मात्र तासाला साधारण ०.०१५ याच वेगाने उतरतं. मध्यरात्री ०.१२ असेल तर पूर्ण उतरायला सकाळचे आठ वाजतात. कॉफीने फरक पडत नाही. आमच्या आयडीआरसीच्या वर्गात (दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीचा सक्तीचा वर्ग, १२ ते ४८ तासांचा असतो, मिस्टरांनाही करावा लागेल) इंटरलॉकवर अडकलेले बहुतेक जण रात्रीची दारू पूर्ण उतरण्याआधी सकाळी निघालेलेच होते.

त्याच वर्गात लिआंड्रा रोसाडोबद्दल ऐकलं. अकरा वर्षांची मुलगी, ऑक्टोबर २००९ मध्ये मॅनहॅटनच्या हेन्री हडसन पार्कवेवर अपघातात गेली. मैत्रिणीची आई मुलींना घेऊन निघाली होती आणि ती प्यायलेली होती. वडिलांनी पाठपुरावा केला, पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कने तिच्या नावाचा कायदा केला, आणि १५ ऑगस्ट २०१० पासून तिथे दोषी ठरलेल्या प्रत्येकाला इंटरलॉक सक्तीचा झाला. मी हे ऐकलं तेव्हा माझी मुलगी नऊ वर्षांची होती. त्या दिवसानंतर मी यंत्राबद्दल कुरकुर केली नाही.

आता तुमच्यापुरतं महत्त्वाचं. मिस्टरांनी मित्राची, भाड्याची, कुठलीच इंटरलॉक नसलेली गाडी चालवायची नाही. त्यांच्यासाठी दुसरी गाडी घेऊन तिलाच यंत्र लावलं तर तुमची मोकळी राहील, पण मग ती त्यांना वर्ज्य. आणि ते “तू फुंक, मी चालवतो” म्हणाले, कितीही घाई असली, तरी नाही म्हणा. त्यांच्यासाठी गाडी सुरू करून देणं हा तुमच्यावरचा गुन्हा ठरतो.

शेवटचा महिना जपा. त्या ३० दिवसांची नोंद स्वच्छ असेल तरच यंत्राची कंपनी ते काढण्यासाठीचं प्रमाणपत्र देते, नाहीतर मुदत लांबते. यंत्राचं भाडं दर महिन्याला भरायचं. उत्पन्न फारच कमी असेल तर त्यात सवलत आहे, मागा. वर तीन वर्षं दरसाल १००० डॉलर सरचार्ज येतो, तो हिशोबात धरा.

मिस्टर एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असतील तर भारताचं तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. न्यू जर्सीत हा वाहतुकीचा नियमभंग मानला जातो, पण नुसत्या अटकेवरूनही पासपोर्टमधला व्हिसा रद्द होऊ शकतो. इथे राहायला लगेच अडचण येत नाही. बाहेर पडलात की परतताना नवा व्हिसा आणि बहुधा डॉक्टरी तपासणी लागते.

यंत्र बसवायला जाताना तुम्हीही सोबत जा. टेक्निशियन फुंकायला शिकवतो, तेव्हा दोघांनी तिथेच चार-पाच वेळा फुंकून बघा.