डुकरं रोज पहाटेच का येतात?

‘तेच ते स्वप्न सारखं पडतं, काही बाहेरचं तर नसेल?’ असं विचारणारं कुणी ना कुणी माझ्याकडे येतच असतं. कुणाला साप दिसतो, कुणाला गेलेली सासू हाका मारते. बहुतेकांना मी धीर देऊन पाठवते, कारण ताणाच्या दिवसांत एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडणं काही नवं नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जोडप्यानंतर मी एक प्रश्न आधी विचारू लागले.

काकूंना आशाताई घेऊन आली होती. डोळ्याखाली काळंनिळं, मनगटावर काचेचे ओरखडे. नवरा मारतो, असं आशाताईला वाटलं. मलाही तेच वाटलं. काकूंना एकटं बसवून विचारलं, तेव्हा बऱ्याच वेळानं त्या बोलल्या, “मारतेत खरं, पन झोपीत. जागेपनी तीस वर्सांत यायनं माह्यावर हात नाई उगारला.”

मार खाणारी बाई नवऱ्याला सांभाळून घेते, हे इतक्यांदा पाहिलंय की मी लगेच विश्वास ठेवला नाही. काकूंना पुन्हा एकटं भेटले, मुलाशी वेगळं बोलले. तेव्हा बांगड्यांचं कळलं. झोपायच्या आधी काकू काचेच्या बांगड्या काढून कोनाड्यात ठेवायच्या. सवाष्णीचे हात रात्री रिकामे, म्हणून सासू रोज बोलायची. पण दोनदा वाकळीत काचा सापडल्या होत्या, एकदा तर तुकडा काकूंच्या तळहातात शिरला होता.

मग काका आले. साठीला टेकलेले, मान खाली. स्वप्न एकच. हरभऱ्यात रानडुकरं घुसलीत, त्यातलं एक अंगावर येतं आणि हे काठीनं हाकलतात. “मी तं डुकराले मारतो मॅडम. डोये उघडून पाह्यतो तं हिले लागलेलं राह्यते.” एवढं बोलून ते रडले.

इथं माझी चूक झाली. पहिल्या दोन भेटी मी डुकराचा अर्थ शोधण्यात घालवल्या. सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, पडलेला कापसाचा भाव. चिंता होत्याच, आमच्याकडे कोणत्या घरात नाहीत? घरच्यांनी तोवर अंगारे-धुपारे करून झाले होते. मला खरं विचारायचं होतं ते हे, की स्वप्न पडत असताना अंग काय करतं? आणि ते शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारायचं होतं.

काकूंनी सगळं बारकाईनं सांगितलं. पहाटे तीननंतरच होतं. डोळे मिटलेले, अंथरूण सोडत नाहीत, पण हातपाय जोरात चालतात, तोंडानं शिव्या. हाक मारली की लगेच भानावर येतात आणि स्वप्न जसंच्या तसं सांगतात. झोपेत चालणाऱ्या किंवा किंचाळून उठणाऱ्या मुलांचं बहुधा याच्या उलट असतं. ते पहिल्या झोपेत घडतं आणि सकाळी काही आठवत नाही.

रात्रीत साधारण दर दीड तासानं एक अशी झोप येते, जिच्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. 1953 मध्ये शिकागोतल्या संशोधकांनी तिच्याबद्दल लिहिलं. ठळक स्वप्नं बहुतेक याच झोपेत पडतात आणि उत्तररात्री ती लांबत जाते. म्हणून काकांची डुकरं पहाटेच यायची. या वेळी मेंदू हातापायांकडे जाणाऱ्या हुकमांना अडसर घालतो, शरीर लुळं पडतं, म्हणून आपण स्वप्नात पळालो तरी अंथरुणातच असतो. काकांचा तो अडसर सैल झाला होता. 1986 मध्ये अमेरिकेतल्या शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी हा वेगळा आजार म्हणून मांडला. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांत तो जास्त आढळतो. उदासीनतेवरच्या काही गोळ्यांनीही असं सुरू होऊ शकतं (पण त्या आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा). घोरताना श्वास अडकणाऱ्यांतही असेच झटके दिसू शकतात. तेव्हा नुसतं ऐकून शिक्का मारता येत नाही. मी त्यांना नागपूरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथं अंगाला तारा लावून रात्रभर झोप तपासली.

पण एक गोष्ट मी त्याच दिवशी करायला लावली. बोलता बोलता कळलं, की खरी डुकरं गावालगत येतात म्हणून काका उशाशी कुऱ्हाड घेऊन झोपतात. माझ्या अंगावर काटा आला. कुऱ्हाड कोठ्यात गेली, खाट काढून गादी जमिनीवर आली आणि काकू काही दिवस नातीजवळ झोपल्या.

निदान तेच निघालं. यावर मेलाटोनिन किंवा कमी मात्रेत क्लोनाझेपाम देतात. कोणतं, किती, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. अवघड होतं ते पुढचं बोलणं. डॉक्टरांनी वासाबद्दल विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, “दूध करपलं तरी यायले समजत नाई.” हा आजार असलेल्या पुष्कळांना पुढे, कधी दहा-पंधरा वर्षांनी, कंपवात किंवा त्याच जातीचा मेंदूविकार होतो. वास जाणं हीही कधी कधी त्याची आगाऊ खूण असते. कुणाला, केव्हा होईल ते सांगता येत नाही, आणि थोपवणारं औषध अजून नाही. हे ऐकायचं आहे का, असं मी काकांना आधी विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सांगा. हिच्यासमोर सांगा.” दरवर्षी तपासणीला जायचं ठरलं.

तीन महिन्यांनी दोघं पुन्हा आले. डुकरं अजून येतात, पण काका आता बहुतेक वेळा नुसते पुटपुटतात. त्यांना एकच विचारायचं होतं, “जागलीले जाऊ काय?” शेतातलं मचाण पुरुषभर उंच. मी स्पष्ट नाही म्हटलं. रात्री मुलगा जाईल, तुम्ही दिवसा शेत पाहा. त्यांना ते फार लागलं, चेहऱ्यावर दिसलं. काकू काही बोलल्या नाहीत. हातातल्या बांगड्या कोपराकडे सारून त्यांनी पिशवीतून औषधाची चिठ्ठी काढली आणि गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात ते मोजू लागल्या.