पडद्याच्या कापडातून पेशवाई अंगरखा शिवता येतो का?

तुमचा प्रश्न असा: नाटकासाठी घेरदार पेशवाई अंगरखा शिवायचा आहे, त्यासाठी सोनेरी बुट्ट्यांचं जाड पडद्याचं कापड बघून ठेवलंय. ते किती लागेल आणि अस्तर कोणतं लावावं?

शिवता येतो. पडद्याच्या कापडाला नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. मात्र तुम्ही चुकीचा पडदा निवडलाय. खिडकीत दोन थर असतात, त्यातला मागचा झिरझिरीत पांढरा घ्या. पुढचा भरजरी थर तिथेच राहू द्या.

पेशवाई म्हटलं की चकचकीत ब्रोकेड, हे समीकरण कुठून आलं याचा मला खरोखर त्रास होतो. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९० च्या दशकात पुण्यात होता. त्याने काढलेली सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं समोर ठेवा. वेल्सच्या मृत्यूनंतर त्याच्याच रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलेलं, पेशवे-इंग्रज यांच्यातल्या १७९० च्या तहाच्या दरबाराचं मोठं चित्रही पाहा. नजरेत भरतं ते पांढरं, पातळ, अंगासरशी पडणारं कापड. श्रीमंती दिसते ती शाल-शेल्यात, मोत्यांत आणि पागोट्यात. अंगावरचं कापड जितकं तलम, तितका माणूस मोठा. आपल्या रंगभूमीवर हे नेमकं उलटं झालंय.

आता वजनाचा हिशेब. घेरदार अंगरख्याला ४८ इंच पन्ह्याचं साधारण साडेचार मीटर कापड लागतं. जाड जॅकार्ड (विणीतच नक्षी असलेला) पडदा चौरस मीटरला अडीचशे ते तीनशे ग्रॅम भरतो, म्हणजे अंगरखा दीड किलोच्या आसपास. वर अस्तर लावलंत की दोन किलोच्या पुढे. तेवढंच व्हॉइलचं, म्हणजे झिरझिरीत पडद्याचं कापड साडेतीनशे ग्रॅममध्ये बसतं. जाड कापडाचा घेर पडत नाही, तंबूसारखा उभा राहतो. कमरेच्या जोडात प्रत्येक कळीच्या, म्हणजे घेराच्या वर अरुंद-खाली रुंद पट्टीच्या, शिलाईपाशी चार-चार थर येतात, तिथे मशीनची सुई मोडते आणि कमर विनाकारण चार इंच जाड दिसते. शिवाय जॅकार्डच्या उलट्या बाजूला सुटे धागे असतात. अर्धा इंच शिलाई सोडलीत तर ताण येताच जोड उसवतो, तिथे एक इंच सोडावा लागतो. ब्लॅकआउट पडदा तर घेऊच नका. मागचा लेप मशीनच्या पायाला चिकटतो, आणि सुईचं चुकलेलं भोक कायमचं राहतं.

कापड निवडताना प्रकाशात धरून बघा. चमकणारं नको, सुती भासणारं मंद हवं. रंग मळकट पांढरा असलेलाच घ्या. शुभ्र पांढरा रंगमंचाच्या दिव्यांत निळसर दिसतो, आणि पॉलिस्टर चहाच्या पाण्यात बुडवून जुनं करायला जाल तर रंग धरत नाही.

मापं ३८ इंच छाती आणि साधारण १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाची देतो. लांबी खांद्यापासून पोटरीपर्यंत ४६ इंच. त्यात १५ इंच धड आणि खाली कळ्यांचा घेर. सगळीकडे अर्धा इंच शिलाई धरलेली आहे. पाठ २२ बाय १६ इंच. पुढचे दोन भाग प्रत्येकी १६ बाय १६, कारण दोन्ही एकमेकांवर चढतात. बाह्या ३४ इंच लांब, वर १८ आणि मनगटाला १०. हातापेक्षा लांब आहेत ते मुद्दाम, कारण मनगटावर चुण्या पडायला हव्यात. मनगटापाशी ३ इंचांची चीर ठेवून तिथे गुंडी आणि फास लावा, नाहीतर हात जात नाही. काखेसाठी ६ बाय ६ चे दोन चौकोन. आणि बारा कळ्या.

तयार पडद्यातून कापणार असाल तर ९ फुटी दोन पुरतात, ७ फुटी मात्र तीन लागतात. वरची रिंगांची पट्टी आणि खालची दुमड उसवली की ७ फुटीत जेमतेम ७८ इंच उरतात. त्यात ३३ इंचांच्या कळ्यांच्या दोन ओळी बसतात आणि १२ इंच वाया जातात, धडाला हवेत १६. ९ फुटीत तीन ओळी जवळजवळ नेमक्या बसतात, म्हणजे बाराही कळ्या एकाच पडद्यातून निघतात.

कळ्या नीट समजून घ्या, कारण अंगरखा इथेच बिघडतो. सव्वाअठरा इंच रुंद, ३३ इंच लांब असा आयत घ्या. वरच्या कडेवर डावीकडून सव्वापाच इंचांवर खूण करा, खालच्या कडेवर डावीकडून १३ इंचांवर. दोन्ही खुणा जोडून कापा. एका आयतातून दोन कळ्या निघतात, वर सव्वापाच, खाली १३. असे सहा आयत. शिवून झाल्यावर कमरेला ५१ इंच मिळतात, जे धडाच्या २१ अधिक १५ अधिक १५ शी बरोबर जुळतात, आणि खाली १४४ इंचांचा घेर. कापड अजिबात वाया जात नाही. जुने लोक असंच कापत, कारण हातमागावरच्या अरुंद कापडाचा तुकडाही फेकण्यासारखा नव्हता.

यातली दुसरी कळी उलटी निघते. साध्या कापडात कुणाला कळत नाही. बुट्टीच्या कापडात मात्र निम्म्या कळ्यांवरची फुलं डोक्यावर उभी राहतात आणि मखमलीत एकाआड एक छटा दिसते. तुमच्या सोनेरी कापडाचं हेच झालं असतं.

प्रत्येक कळीला एक कड सरळ आणि एक तिरपी असते. सरळ कडेला शेजारच्या कळीची तिरपी कड जोडा. दोन तिरप्या एकत्र आल्या की तो जोड लोंबतो. पण पुढच्या उघड्या कडा दोन्हीकडे सरळच हव्यात, म्हणून सहा कळ्या एका दिशेने आणि सहा आरशासारख्या उलट्या लावाव्या लागतात. व्हॉइलला उलट-सुलट बाजू नसल्याने कळी नुसती पलटली की झालं. मग पाठीच्या मधोमध दोन तिरप्या कडा अटळपणे भेटतात. तेवढ्या एका शिलाईत पातळ सुती फीत धरून शिवा, म्हणजे ती ताणत नाही.

तिरपी कड सरळ कडेपेक्षा जवळजवळ एक इंच लांब असते. बहुतेक जण खालची टोकं जुळवायला सरळ कड ओढतात आणि प्रत्येक जोड पिळवटतो. टोकं वरून जुळवा, तिरपी बाजू खाली ठेवून शिवा, खाली जास्तीचं येईल ते येऊ द्या. धडाला जोडून झाल्यावर अंगरखा २४ तास हँगरवर टांगून ठेवा. तिरपे भाग जेवढे उतरायचे तेवढे उतरतात. मग माणसाला घालून जमिनीपासून मोजत खालची कड सारखी कापा. काही झिरझिरीत पडद्यांच्या खालच्या दुमडीत वजनाची बारीक दोरी असते. ती फेकू नका, नव्या दुमडीत घाला. गिरकी घेतल्यावर घेर कसा फिरून बसतो ते बघा.

आता काख. ‘आजच्या शर्टाचा गोल मुंढा (बाही जोडायची गोलाई) लावला तरी प्रेक्षकांना काय कळतंय,’ असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी पटलेलं नाही आणि पटणार नाही. प्रेक्षकांना मुंढा दिसत नसेल, पण नटाने तलवार उपसायला हात वर केला की सगळा अंगरखा कमरेतून वर येतो आणि शेला सैल होतो, तो दिसतो. अंगरख्याचा खांदा सरळ असतो, बाही सरळ लागते, आणि हाताला लागणारी मोकळीक काखेतल्या चौकोनातून, म्हणजे चौबगल्यातून येते. आधी बाही खांद्याच्या दोन्ही बाजूंना साडेआठ-साडेआठ इंच सपाट जोडा. मग चौकोनाच्या दोन कडा बाहीच्या खालच्या कडांना आणि दोन धडाच्या बगलेला लावा. प्रत्येक शिलाई कोपऱ्याच्या अर्धा इंच अलीकडे थांबवून टाका घट्ट करा. कापडाच्या कडेपर्यंत शिवलंत तर कोपरा चुरगळतो. मग शिंपी म्हणतो, हा चौकोनच काढून टाकू. काढू देऊ नका. तो कोपरा उसवून पुन्हा शिवायला पाच मिनिटं लागतात. पाठीला चेन लावायचा सल्लाही मिळेल. अंगरखा बंदांनीच, म्हणजे कापडी नाड्यांनीच बांधायचा, तो घडलाय तसाच.

व्हॉइल शिवताना सुई ९ किंवा ११ नंबरची, नवी. टाका २ मिलिमीटर. कापड घसरतं, म्हणून दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये ठेवून कागदासकट कापा. सुरुवातीला मशीनने कापड खाली ओढलं तर शिलाईखाली पातळ कागद धरा आणि नंतर फाडून काढा. आरपार दिसणाऱ्या कापडात शिलाईच्या कच्च्या कडा दिसतात, त्यामुळे फ्रेंच शिलाईला पर्याय नाही. उलट्या बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर शिवा, कड निम्मी छाटा, पलटवून पुन्हा पाव इंचावर शिवा. काखेच्या कोपऱ्यात ती जमत नाही, तिथे साधी शिलाई करून कडा हाताने दुमडा. गळ्याची गोलाई कापल्या कापल्या हाताने धावदोरा घालून धरून ठेवा, दहा मिनिटं तशीच पडली तरी ताणते. इस्त्री मंद आणि वर सुती फडकं.

बंद मात्र सुती कापडाचे करा. पॉलिस्टरची गाठ दुसऱ्या प्रवेशापर्यंत टिकत नाही. आतला पदर धरायला एक जोडी, बाहेर तीन, प्रत्येक बंद १२ इंचांचा. बाजूबद्दल बोलायचं तर मुघल काळातल्या चित्रांत हिंदूंचा जामा डाव्या काखेखाली आणि मुसलमानांचा उजव्या काखेखाली बांधलेला दिसतो, त्यामुळे तुमच्या पात्राचे बंद डावीकडे ठेवा. इंटरनेटवरची पुष्कळ चित्रं डावी-उजवी पलटलेली असतात. तलवार आणि लिहिणारा हात कुठे आहे ते पाहूनच विश्वास ठेवा.

अस्तराचं उत्तर राहिलंच: अस्तर लावू नका. आपण सहज ‘जामानिमा’ म्हणतो, त्यात जामा आणि आतला निमा अशी दोन वेगळी वस्त्रं आहेत. तीच रीत इथे वापरा. आत बिनबाह्यांची सुती बंडी आणि जाडसर सुती सुरवार, वर मोकळा अंगरखा. घाम बंडी शोषते, धुवायला तीच निघते, आणि पॉलिस्टर अंगाला चिकटत नाही. सुरवार पॉलिस्टरची असेल तर चालताना घेर पायांना चिकटून चढतो.

एक गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती. प्रवेशात समई, मशाल किंवा ओवाळणी असेल तर पॉलिस्टर पडदा नको. तो जळताना वितळून कातडीला चिकटतो. अशा वेळी हीच मापं, हीच कापणी ठेवून सुती मलमल वापरा. फक्त मलमल कापण्यापूर्वी एकदा धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात धड आटून कमर बरगड्यांवर चढते. आणि सोनेरी कापड आणून झालंच असेल, तर त्यातून आसनाची गादी आणि लोड करा.